नलूचं पान

गिरगाव, मुंबई ४
ता. ९ फेब्रुवारी १९५९

सौ. उर्मिलाताई तळपदे यांस,
व्हायोला मिस्किटाचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखलं नसणार. मिशनच्या मुलींच्या शाळेत नलूच्या बाकावर तिच्या डाव्या हाताला बसायची ती व्हायोला मी. चौथीपासून मॅट्रिकपर्यंत आम्ही दोघी एकत्र होतो. तुमच्या ठाकुरद्वारच्या घरी मी कितीतरी वेळा जेवलेय, आणि एकदा तुम्ही माझी वेणी इतकी घट्ट घातली होती की मी रडत घरी गेले होते. आता तरी आठवलं असेल.

हातात काही असेल तर खाली ठेवा आणि बसून वाचा. नलू माझ्या घरी आहे.

ती जिवंत आहे हे तुम्हाला माहीत आहेच. मला माहीत आहे हे मात्र आजवर तुम्हाला माहीत नव्हतं. एकोणचाळीस साली तुमचे भाऊ श्यामकांत यांनी मला दारातच सांगितलं होतं की नलू इंदूरला मावशीकडे विषमज्वरानं गेली. मी घरी येऊन रडले आणि तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना करवून घेतली. पुढे चौपन्न साली आमच्या चर्चच्या बायकांबरोबर मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माटुंग्याच्या पलीकडच्या महारोग्यांच्या इस्पितळात पाव आणि केळी घेऊन जायला लागले. तिसऱ्या खेपेला शिवणाच्या खोलीत एका बाईनं मान वर केली आणि म्हणाली, "व्हाय, अजून वेणी सैलच घालतेस?" माझ्या हातातली पावाची टोपली खाली पडली.

ताई, ती आता बरी आहे. सल्फोनच्या गोळ्यांनी रोग पार गेला. तीन वर्षं सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, डॉक्टरांचा सहीशिक्क्याचा कागद आहे. डाव्या हाताची दोन आणि उजव्या हाताची तीन बोटं तेवढी वाकलेली राहिली आहेत. घरच्यांनी येऊन न्यावं म्हणून इस्पितळानं श्यामकांतना दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. मग एक तारखेच्या रविवारी मीच जाऊन तिला आणलं.

मी फार भली बाई आहे असं समजू नका. गेल्या वर्षी जानेवारीत फादरांनी चर्चमध्ये येशूजवळ आलेल्या कुष्ठरोग्याची गोष्ट वाचली. लहानपणापासून ऐकलेली. पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की येशूनं त्याला आधी हात लावला आणि बरा नंतर केला. मला तर डॉक्टरांनी आधी बरी करूनच दिली होती, तरी हिंमत व्हायला मला वर्ष लागलं. सकाळी विधवेचं काळं नेसून देवासमोर गुडघे टेकायचे आणि मैत्रिणीला मात्र महिन्यातून एकदा केळी द्यायची, हे काही मला झोपू देईना.

तिला तुमच्याकडून काहीएक नको. तुम्ही एकदा यावं, एवढंच तिला हवंय. तसं ती बोलत नाही, पण दादरची कुणी बाई वाडीत आली की दारापाशी जाऊन बघते.

तुमची,
व्हायोला


दादर
ता. २१ फेब्रुवारी १९५९

श्रीमती मिस्किटा यांस,
स. न.

आपले पत्र मिळाले. माझी धाकटी बहीण नलिनी ही सन १९३९ साली इंदूर मुक्कामी निवर्तली. हे आमच्या सर्व आप्तेष्टांस ठाऊक आहे. आपली काही तरी गैरसमजूत झालेली दिसते. आपण कुणा निराधार स्त्रीला आश्रय दिला ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु तिचा आमच्या कुटुंबाशी संबंध जोडू नये अशी विनंती आहे.

माझी मुलगी मालन हिच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. आपणही मुलाबाळांच्या असाल, तेव्हा अधिक लिहीत नाही.

लिहिणेच झाले तर बंद पाकिटातून लिहावे. कार्डावर लिहू नये.

आपली,
सौ. उर्मिला कमलाकांत तळपदे

ता. क. – केवळ ओळख पटावी म्हणून विचारते. आमच्या आईच्या सांबाराच्या मसाल्यात हिंग किती आणि गहू किती, हे त्या बाईस सांगता येते काय? आईमागे ते कुणालाच नीट जमलेले नाही.


गिरगाव
ता. ५ मार्च १९५९

सौ. उर्मिलाताई यांस,

पाकीट बंद केलंय, डिंकही जरा जास्तच लावलाय.

तुमचा ता. क. मी तिला वाचून दाखवला. ती हसतच सुटली. म्हणाली, "ताईला सांग, खडा हिंग आवळ्याएवढा. तेलात फुलवून घ्यायचा, कच्चा कुटायचा नाही. गहू दोन मुठी, पण आईच्या मुठी, म्हणजे ताईच्या दीड. आणि ताई हळद विसरते. एकदा विसरली होती तेव्हा बाबा काही न बोलता जेवले होते." पटली का ओळख?

आता इकडची हकिकत. पहिले पंधरा दिवस वाडीत वादळ होतं. नळावर मी गेले की बायका आपापल्या बादल्या मागे ओढायच्या. एकीनं तर नळाची तोटी चिंचेनं घासली. वरच्या माळ्यावर माझे दीर राहतात, सिल्वेस्टर. ते जिन्यात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय गो व्हायोला, घर हाय का इस्पितळ? पोराचं लगीन हाय घरात!" मी डॉक्टरांचा कागद दाखवला. ते म्हणाले, "कागूद काय करायचा, मी कागदाला घाबरतंय का?" मी म्हटलं, मग घाबरता तरी कशाला? त्यावर ते काखेतली छत्री सावरत तडातडा वर निघून गेले. फादर स्वतः येऊन आमच्याकडे चहा घेऊन गेले तेव्हा जरा शांत झालं.

नलू माझ्याच खोलीत झोपते. आमच्याच टेबलावर जेवते. बोटं वाकडी असली तरी शिवण माझ्याहून सरळ घालते. चहाच्या कपाचा कान तिला नीट धरता येत नाही, म्हणून मी मुद्दाम तिच्यासाठी निळ्या काठाचा तामचिनीचा मोठा पेला आणला. सकाळी दोघी खिडकीपाशी बसून चहा पितो आणि शाळेतल्या बाईंच्या नकला करतो. ताई, नवरा गेल्यापासून या घरात इतकं हसू झालं नव्हतं. मी तिच्यावर उपकार केले असं लोक म्हणतात. खरं तर देवानंच माझी सोय केली आणि त्याबद्दल मी रोज त्याचे आभार मानते.

तुमच्या यजमानांचं नाव समितीच्या सभेच्या पत्रकावर वाचलं. मराठी बोलणारं गाव न् गाव एका राज्यात आणायचं म्हणतायत, देव त्यांना यश देवो. दादरपासून गिरगाव ट्रामनं तासाभरावर आहे, आणि तुमची बहीण मराठीच बोलते. चेष्टा केली, रागावू नका.

माझ्या नॉर्मनचं लग्न दहा मेला आहे. मुलगी माहीमची, ॲन्टोनेट. तुम्ही यावं.

व्हायोला


दादर
ता. ४ एप्रिल १९५९

चि. व्हायोला हीस,

तुला 'आपण' म्हणणं आता जमत नाही. तुझ्या सैल वेणीची मला चांगली आठवण आहे.

काल हिंग आवळ्याएवढा घातला, तेलात फुलवून. गहू दीड मूठ. हळद विसरले नाही. संध्याकाळी त्या मसाल्यात कोळंबीचं सुकं खडखडलं केलं. हे पहिला घास घेऊन म्हणाले, "आज सासूबाईंची आठवण झाली." मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. फोडणीनं डोळे झोंबले असं सांगितलं.

तुझ्यापासून काही लपवण्यात अर्थ नाही. नलूचं लग्न ठरलं होतं. हळदीला आठ दिवस होते. तिच्या दंडावरचा चट्टा आत्यानं पाहिला. बाबा आधीच गेले होते, आणि डॉक्टर म्हणाले ते ऐकून आईनं अंथरूण धरलं ते कायमचं. श्यामकांतनं पहाटे व्हिक्टोरिया बोलावली. मी माहेरपणाला आले होते, मालन वर्षाची होती. मी गॅलरीत उभी होते. नलूनं गाडीत बसताना वर पाहिलं. आणि मी आत गेले. व्हायोला, मी आत गेले. वीस वर्षं झाली, त्याची मला रोज लाज वाटते.

इंदूरच्या मावशीची गोष्ट श्यामकांतनं रचली. सुतकही पाळलं. तेव्हापासून दर सर्वपित्री अमावस्येला तो आई-बाबांच्या पानांबरोबर नलूचंही पान मांडतो. लोक बघतात म्हणून सुरू केलं, मग बंद करायचं धैर्य कुणाला झालं नाही. आता तोही दादरलाच राहतो. मी त्याच्याकडे जाऊन गव्हल्यांची खीर करते, कारण तिला ती आवडायची. ते पान गच्चीवर ठेवतात आणि कावळा येईपर्यंत आम्ही सगळे खाली वाट बघतो. मी मनात म्हणते, येऊ नकोस रे बाबा, ती जिवंत आहे. तो येतोच.

मी लग्नाला येऊ शकत नाही. मालनला बघायला आलेल्या मंडळींकडून होकार येईलसं दिसतं. अशा वेळी कुणी मला तिथे पाहिलं तर काय सांगू? सोबत एक निळी साडी पाठवते, नलूला निळा रंग शोभायचा. माझं नाव सांगितलं नाहीस तरी चालेल. सांगितलंस तर बरं.

ती माझ्याबद्दल काही बोलते का?

उर्मिलाताई


गिरगाव
ता. १३ मे १९५९

प्रिय उर्मिलाताई,

लग्न झालं. देवाच्या कृपेनं सगळं चांगलं पार पडलं. पण तुम्ही मला मन उघडून लिहिलंत, आता माझी पाळी आहे. मागच्या पत्रात मी स्वतःचं फार कौतुक करून घेतलं होतं.

माझी आई गोव्याची. तिच्याकडून आमच्या घरात एक चाल आली आहे. लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी भिकाऱ्यांना जेवण घालायचं. घरातल्या मेलेल्यांच्या नावानं गोरगरिबांना पाटावर बसवायचं, घरच्यांनी वाढायचं, त्यांचं जेवण झाल्यावरच आपण जेवायचं. मेलेली माणसं त्या रूपानं लग्नाला येतात असं आई म्हणायची. मला ही चाल फार आवडते. गुरुवारी सात तारखेला मी ते जेवण घातलं. भात, सुक्या सुंगटांची, म्हणजे सोड्यांची, कढी, गुळाची खीर. चर्चच्या दाराशी बसणारी बारा माणसं आली. आणि मला वाटलं, तेरावं पान नलूचं. पहिल्या जागेवर. जिला जगानं टाकलं तिला मी सर्वांत वर बसवते, याहून मोठा मान कोणता? मी तिला तसं सांगितलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि बसली.

मी सगळ्यांना वाढलं. जेवण झाल्यावर एकेकाला पंचा दिला. घेताना जो तो आमच्या रीतीनं आभार मानायचा, "देव बरें करूं." ओळीत नलू आली. माझा हात आपोआप पुढे गेला, तिलाही मी पंचा दिला. ती म्हणाली, "देव बरें करूं." मला वाटलं चेष्टा करतेय. मी हसले.

सकाळी उठले तर तिची खाट रिकामी. पंचा घडी करून उशीवर ठेवलेला.

ताई, मग मला सगळं दिसलं. तीन महिने ती माझ्या घरात राहिली, माझ्या मुलाच्या लग्नाचे कपडे तिनं शिवले, आणि लग्न जवळ आल्यावर मी तिला भिकाऱ्यांच्या पंगतीत बसवलं. आणि तो निळ्या काठाचा पेला! कपाचा कान धरता येत नाही हे सगळं खोटं. मला भीती वाटत होती. कागद वाचला होता, हातात हात घेतला होता, तरी माझ्या ओठांना तिचा कप नको होता. पेला मी वेगळा घासायचे. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी तो पेला पिशवीत घातला आणि ट्रामनं इस्पितळात गेले. ती शिवणाच्या खोलीत आपल्या जुन्या मशीनवर बसली होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "रडू नकोस व्हाय. तुझ्यावर माझा राग नाही. पण तिकडे दादरला माझं पान कावळा खातो आणि इकडे मी तुझ्या मेलेल्यांचं जेवते. जिवंत माणसाचं पान कुठे मांडतात तेवढं सांग, तिथे येते." (तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. माफ करा. साडीही तुमची म्हणूनच दिली.)

तिच्या मशीनवर अर्धा चहा होता. मी तो पेल्यात ओतला आणि पिऊन टाकला. ती म्हणाली, "अगं, पेला धुतलास तरी का?" मी म्हटलं, "नाही." मग आम्ही दोघी इतक्या हसलो आणि इतक्या रडलो की शेजारच्या बायका गोळा झाल्या. माझ्या सगळ्या प्रार्थना एकीकडे आणि तो गार चहा एकीकडे. क्षमा मागायला मी गेले होते, आणि क्षमा मला मिळाली.

येताना तिनं अट घातली. "मला मान नको. काम दे." लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे उंबराचं पाणी असतं. घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशीत पाणी आणतात, त्यानं नवऱ्या मुलाला न्हाऊ घालतात. कळशी घरातल्या बाईकडेच असते. मी ती नलूला दिली. तुमची निळी साडी नेसून तिनं ती कमरेवर घेतली, वाकडी बोटं काठाला घट्ट अडकवली. वाडीतल्या बायका दारात उभ्या. कुणी हलेना, वाजंत्रीवालेही माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात जिन्यावरून सिल्वेस्टर उतरले, काखेतली छत्री उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली. म्हणाले, "गो नलू, कळशी मोठी हाय, हळू चाल. पाडशील नि पोरगा माझा कोरडाच लगीन लावील." मग सगळ्या निघाल्या. चिंचेनं तोटी घासणारी कमळाबाईसुद्धा. नॉर्मन ते पाणी अंगावर घेताना ओरडला, "नलूआंटी, गार आहे!" आणि तिनं उरलेली कळशी त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

तुम्ही विचारलंत, ती तुमच्याबद्दल बोलते का. साडी नेसताना म्हणाली, "ताईनं गॅलरीतून आत जाताना तोंडावर पदर घेतला होता. ती रडत होती. मला दिसलं होतं." वीस वर्षं तिनं तेवढंच जपून ठेवलंय.

तुमची,
व्हायोला


दादर
ता. १७ सप्टेंबर १९५९

प्रिय व्हायोला,

चार महिने उत्तर लिहिलं नाही. तू काय समजली असशील ते मला कळतं. लिहायला बसायची, आणि "तिला दिसलं होतं" इथे येऊन थांबायची.

तुझी पत्रं मी तांदळाच्या डब्यात ठेवत असे. जुलैमध्ये मालनच्या हाती लागली. तिनं सगळी वाचली, मग माझ्यासमोर आणून ठेवली. म्हणाली, "आई, या बाईंनी चूक केली आणि दुसऱ्याच दिवशी ट्रामनं जाऊन ती दुरुस्त केली. तुला वीस वर्षांत ट्राम मिळाली नाही?" पोटच्या पोरीनं असं बोललेलं सहन होत नाही.

यांना सांगितलं. हे रात्रभर येरझारा घालत होते. सकाळी म्हणाले, "मुलाकडच्यांना आपणच सांगू. उद्या बाहेरून कळायला नको." दोघं जाऊन सांगून आलो. आठ दिवसांनी त्यांचा नकार आला. पत्र मोठं सभ्य होतं. मी मालनजवळ जाऊन बसले तर तिनं मलाच समजावलं. म्हणे, "जे मावशीला घाबरले ते उद्या मला ताप आला तर काय करतील?" लग्न मोडल्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. पण किती वर्षांनी छातीवरचा दगड उतरला, आणि तो तुझ्यामुळे उतरला. तुझे आभार कसे मानू ते मला समजत नाही.

श्यामकांत मात्र अडून आहे. दोन ऑक्टोबरला सर्वपित्री अमावस्या. मी म्हटलं, यंदा नलूचं पान मांडू नकोस. तो म्हणाला, "वीस वर्षं मांडलं, आता लोकांना काय सांगू? ती परत आली म्हणून?" मी म्हटलं, "हो. तसंच सांग." त्यावर तो उठून गेला.

मी त्या दिवशी सकाळी आठ वाजता तुझ्या दारात येते. तिला घेऊन थेट श्यामकांतकडे जाणार आहे. तिला विचार, येईल का. नाही म्हणाली तरी मी येणारच आहे. मला वर बघायचंय, ती खिडकीत असेल तर.

तुझी,
उर्मिलाताई


दादर
ता. ५ ऑक्टोबर १९५९

व्हाय,

वीस वर्षांत मी लिहिलेलं हे पहिलं पत्र. मालननं पेन्सिल माझ्या अंगठ्याला पट्टीनं बांधून दिलीय. अक्षर बघून आपल्या बाईंनी पट्टी मारली असती.

ताईला तू पाहिलंसच. तुमच्या दारात ती माझा हात धरून उभी राहिली, तो श्यामकांतच्या घरापर्यंत सोडला नाही. टॅक्सीत तिनं फक्त एकदा माझी वाकलेली बोटं एकेक करून मोजून पाहिली.

आम्ही पोचलो तेव्हा पानं मांडून झाली होती. आईचं, बाबांचं, आणि जरा बाजूला माझं. गुरुजी पाटावर बसले होते. चारदोन नातलग होते. श्यामकांत पाण्याचं भांडं घेऊन उभा होता. केस पांढरे झालेत त्याचे, बाबांसारखा दिसतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे पाहिलं. पान उचलावं तर सगळ्यांसमोर वीस वर्षांचं खोटं कबूल होतं, आणि ठेवावं तर मी समोर उभी. माझ्या भावाची मला खरंच कीव आली. तो कधीच वाईट नव्हता गं, फक्त भित्रा होता.

मग मी सरळ आत गेले आणि त्या पानावर बसले.

गुरुजी एकदम म्हणाले, "अहो बाई, ते पान पितरांचं आहे!"

मी म्हटलं, "माझंच आहे ते. नाव विचारा यजमानांना."

मी भात कालवला. वड्या खाल्ल्या. खिरीची वाटी तोंडाला लावली. गव्हल्यांची, तशीच, वेलदोडा जरा जास्त. सगळी संपवली. गच्चीवर कावळे ओरडत होते, त्यांना आई-बाबांची दोन पानं होती. माझी वाटी रिकामी झाली तेव्हा श्यामकांत स्वतः खिरीचं पातेलं घेऊन आला. पुढ्यात वाकला, आणि वाढता वाढता मांडी घालून तिथेच जमिनीवर बसला. "नलू, अजून घे," एवढंच म्हणत राहिला. "अजून घे, अजून घे." मी तीन वाट्या घेतल्या. चौथी त्याच्या तोंडाला लावली. माझ्याच वाटीतून, व्हाय. आणि तो प्याला.

ताई म्हणते आणखी आठ दिवस राहा. श्यामकांत रोज संध्याकाळी येतो, माझ्याजवळ बसून वर्तमानपत्र वाचतो. राज्य होणार म्हणतो. होईल तेव्हा होईल. पण मी घर बदलणार नाही. माझी खाट तुझ्या खोलीत आहे, आणि ॲन्टोनेटचं झबल्या-टोपड्यांचं शिवण मला आत्तापासून सुरू केलं पाहिजे. तुला अजून तिनं सांगितलं नसेल तर मी काही बोलले नाही असं समज.

एक राहिलं. पंचा घेताना मी तुला "देव बरें करूं" म्हटलं होतं ना, ते तुला टोचावं म्हणून म्हटलं होतं. तुझ्या येशूनं त्या माणसाला आधी हात लावला असं तू सांगत असतेस. तू घाबरत घाबरत लावलास, पण तूच आधी लावलास. तुझ्यानंतर ताईनं लावला, मग श्यामकांतनं. आज इथे बसून, पोटभर जेवून, अगदी मनापासून म्हणते. देव बरें करूं, व्हाय.

रविवारी संध्याकाळी येते. चहा ठेव. कप कुठलाही चालेल.

तुझी,
नलू